आधीचा फोटो

पौर्णिमाच्या घरात शिरायचं तर आधी भैयाजींना ओलांडावं लागे. नाचणगावातल्या त्या दोन खोल्यांच्या घराला पुढे टिनाची छपरी होती, आणि छपरीत भैयाजींचा लोखंडी पलंग. पायथ्याशी सायकल, सायकलीला लटकलेल्या पिशव्या, पलंगाखाली ट्रंक, ट्रंकेपुढे साऱ्या घराच्या चपला आणि कोपऱ्यात बंद पडलेला कूलर, त्यात कांदे भरलेले. आलेला माणूस डावीकडून वळसा घेऊन, पाय जपत, भैयाजींच्या लांब केलेल्या पायांवरून आत जाई. भैयाजी पाय आखडून घेत नसत असं नाही, पण ते आखडेपर्यंत माणूस अर्धा आत पोचलेला असे.

भैयाजी म्हणजे तिचे सासरे. ती त्यांना मामाजी म्हणे. गिरणी चालू होती तोवर ते मागावर होते. गिरणी बंद पडली, पुढे केस पांढरे झाले, आणि सहा वर्षांपूर्वी कमलाबाई गेल्या. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी पलंग आतून छपरीत ओढला. बायको नाही म्हणून आत झोप येत नाही, असं काही ते म्हणाले नाहीत. "बाहेर हवा लागते," एवढंच म्हणाले.

पौर्णिमाला त्या छपरीचं कधी काही वाटलं नव्हतं. वाटू लागलं ते मेघा येऊन गेली त्या दिवसापासून. मेघा तिची मावसबहीण, वर्ध्याला फ्लॅटमध्ये राहणारी. दारात येऊन ती थांबली, पलंगाकडे, सायकलीकडे, कांद्यांकडे पाहिलं आणि हसत म्हणाली, "काय वं, आत यायचं कुठून? का तिकीट काढावं लागते?"

सगळे हसले. भैयाजीही हसले. पौर्णिमा हसली ती सगळ्यात मोठ्यानं, आणि रात्री पोळ्या लाटताना तिचे कान पुन्हा गरम झाले.

तिची मुलगी मैत्री तीन वर्षांची. मैत्री दुपारी झोपली की जो तास-दीड तास हाती लागे, त्यात पौर्णिमा मोबाईलवर एका ग्रुपात जाऊन बसे. हजारो बायकांचा ग्रुप होता तो. जुन्या-पुराण्या वस्तू आणून घराचा एखादा कोपरा सजवायचा आणि दोन फोटो टाकायचे, 'आधी' आणि 'नंतर'. कोणी पाटा-वरवंट्याचं कारंजं केलेलं, कोणी जुन्या दारांचं टेबल. पौर्णिमा एकेक फोटो बोटांनी मोठा करून पाही. हळूहळू ती स्वतःच्या छपरीकडेही तशीच पाहू लागली. पलंग काढला तर. सायकल मागे नेली तर.

पण पलंग काढायचं सासऱ्यांना सांगायचं कोणी?

ते तिला सांगावं लागलंच नाही. दोन दिवस ती छपरीची मापं घेत होती, विती मोजत होती, ते पलंगावरून पाहत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पलंग मांगं नेऊन टाकू का? न्हाणीपाशी सावली असते. मले काय, पाठ टेकवाले जागा पायजे."

"असू द्या न जी," असं तिनं एकदा तरी म्हणायला हवं होतं. खोटं-खोटं का होईना. पण तिच्या तोंडून निघालं ते, "हो जी, तिथं बरं पडेल." आणि संध्याकाळी तिचा नवरा अनुप वर्ध्याहून कामावरून आला तेव्हा पलंग मागे गेलेला होता, कूलरमधले कांदे टोपलीत आले होते, आणि छपरी अशी मोकळी झाली होती की मैत्री तिथे गोल गोल धावत होती.

मग सुरू झाल्या फेऱ्या. रेल्वे फाटकाच्या पलीकडे नत्थूचं भंगाराचं गोदाम होतं. आजूबाजूला कोणाची बदली झाली, कोणाचं जुनं घर पाडलं, की सामान नत्थूकडे येई. पौर्णिमा मैत्रीला कडेवर घेऊन जाई. नत्थू बोलका माणूस.

"ताई, हे बाक पाहा. सागवानाचं हाय. एका डॉक्टरच्या दवाखान्यातलं. तीस वर्षं लोकं याच्यावर बसून कण्हले."

"मग कण्हणारं बाक मी दारात ठेवू का?"

"आता नाई कण्हत ते. पॉलिश मारलं का हसते."

बाक घेतलं. शिलाई मशीनचे बिडाचे पाय घेतले, त्यावर फळी टाकून टेबल करायला. रेशन दुकानातून निघालेली बुटकी मांडणी घेतली, चपलांसाठी. आणि आरशाची एक नक्षीदार चौकट घेतली, जिच्यात आरसा नव्हता. "आरसा तुमचा तुम्ही लावा," नत्थू म्हणाला, "तोंड ज्याचं त्याचं."

हे सगळं घरी आलं तेव्हा धूळ, चिखल आणि कोळ्यांची जाळी बघून अनुपनं कपाळाला हात लावला. पण भैयाजी बाकाजवळ उकिडवे बसले, अंगठ्याच्या नखानं एका जागी खरवडून पाहिलं आणि म्हणाले, "लाकूड जिवंत हाय."

पुढचे नऊ दिवस त्यांनी ते बाक घासलं. सकाळी ऊन चढायच्या आत बसत, दुपारी झोपत, उतरत्या उन्हात पुन्हा बसत. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. भुवयांत लाकडाचा भुसा बसे. भिंतीला रंग द्यायचा ठरला तेव्हा त्यांनी दोन खिळ्यांमध्ये सूत ताणलं आणि त्या सुताच्या खाली-वर कुठेही रंग जाऊ दिला नाही. "गिरनीत सूत वाकडं गेलं का आख्खं थान बाद," ते मैत्रीला सांगत. मैत्री आरशाच्या रिकाम्या चौकटीमागे बसून टीव्ही टीव्ही खेळे. भैयाजी काम करता करता विचारत, "बाई, आजच्या बातम्या काय?" आणि ती चौकटीतून सांगे, "आबा घाण झाले."

त्या नऊ दिवसांत पौर्णिमा सुखी होती. ती आणि भैयाजी बोलत नसत फारसे. ती चहा ठेवी, ते बशीत ओतून पीत, आणि दोघं बाकाकडे पाहत. आपले वडील असते तर असंच काहीसं झालं असतं, असं तिला एकदा वाटून गेलं. तिचे वडील ती सातवीत असतानाच गेले होते.

छपरी तयार झाली. भिंत हळदुली, तिच्यावर चौकट आणि चौकटीत नवा आरसा. बिडाच्या पायांच्या टेबलावर पितळी तांब्यात मनीप्लांट. चपला मांडणीत. आणि मधोमध ते बाक, मधासारखं चमकणारं.

"मामाजी, जरा उठता का? फोटो काढते," ती म्हणाली.

भैयाजी बाकावर बसले होते. उठले, "थांब" म्हणाले आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला होता, आणि ओल्या केसांतून कंगवा फिरवलेला. येऊन बाकावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले, मान ताठ केली.

पौर्णिमानं मोबाईल खाली केला. मग म्हणाली, "नाही जी, म्हणजे... रिकामीच पायजे. तिथं सगळ्यांचे तसेच असतात."

"असं व्हय," भैयाजी म्हणाले आणि पटकन उठले. इतकंच नव्हे, मैत्री मध्ये मध्ये येत होती तर तिला उचलून बाजूला धरून उभे राहिले, फोटो होईस्तोवर.

'नंतर' झाला. 'आधी'चा फोटो तिच्याकडे नव्हता. मोबाईलमध्ये शोधता शोधता एक सापडला, दोन उन्हाळ्यांमागचा. मैत्री पहिल्यांदा चालली तेव्हा काढलेला, पण मैत्री हलल्यामुळे ती दिसतच नव्हती. दिसत होता पलंग, पिशव्या, चपलांचा ढीग, कूलर, आणि पलंगावर भैयाजी, बगलेत फाटलेल्या बनियनवर, तोंड उघडं टाकून झोपलेले, एक पाय पलंगाखालून डोकावणाऱ्या ट्रंकेवर.

कापता आला असता तो फोटो. बोटानं कडा आत ओढल्या की भैयाजी निघून गेले असते, ढीग राहिला असता. तिनं कडा ओढूनही पाहिल्या. पण तसा केला तर फोटोत काही दमच राहीना. आधीचा जितका वाईट, तितका नंतरचा चांगला, हे तिला त्या ग्रुपात बसून बसून चांगलं कळलं होतं. मैत्री कुशीवर वळली, जागी होईल असं वाटलं, आणि पौर्णिमानं घाईनं फोटो तसाच ग्रुपात टाकला.

पाहता पाहता शेकडो बायकांनी पाहिला. 'वा ताई.' 'बाक कुठे मिळालं?' 'रंगाचं नाव सांगा.' ती दिवसभर कामातून हात पुसत पुसत येऊन पाहत होती. मग कुठल्याशा एका बाईनं लिहिलं, 'आधीच्या फोटोतले आजोबा नंतरच्या फोटोत दिसत नाहीत. तेही भंगारात दिले का?' खाली हसरे चेहरेच हसरे चेहरे. दुसरीनं लिहिलं, 'एक्सचेंज ऑफर असेल.' तिसरीनं, 'ताई, आजोबांवर बाक आलं की बाकावर आजोबा फ्री?'

आणि पौर्णिमानं उत्तर लिहिलं. भाजी फोडणीला टाकलेली होती, एका हातात चमचा होता. अंगठ्यानं तिनं लिहिलं, 'त्यांना कोणी घेईचना.' पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेली तीन तोंडं.

तिच्या बाकाला, भिंतीला, आरशाला मिळालं नव्हतं तेवढं हसू तिच्या त्या एका ओळीला मिळालं. अनुपनं रात्री जेवताना वाचलं आणि "तू पण काय लिवतं" म्हणून तोही हसला. तिला आनंद झाला होता. तो खरोखरचा आनंद होता, हेच तिला पुढे सगळ्यात जास्त टोचत राहिलं.

चार-पाच दिवस गेले. ऊन अंगावर येत होतं, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. भैयाजी छपरीत दिसेनासे झाले. सकाळी मागच्या दारानं निघत, न्हाणीच्या बाजूच्या बोळानं, आणि त्याच वाटेनं येत. मांडणीतल्या त्यांच्या चपलाही मागे गेल्या. आधी तिला वाटलं, मागे सावली आहे म्हणून. मग तिच्या लक्षात आलं की ते घरात असले तरी सदरा काढत नाहीत. वरच्या बटनापर्यंत लावलेला सदरा, पाठीला चिकटलेला, आणि ते तसेच पलंगावर आडवे झालेले. झोपेतही.

ती पाण्याचा गडवा घेऊन गेली. "मामाजी, सदरा काढून ठेवा न जी. घामानं भिजले तुम्ही. अशानं घामोळ्या होतील."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "राहू दे," म्हणाले. "कोण कवा फोटो काढन, सांगता येते का."

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं सांगत होते, आभाळ भरलं आहे, कपडे काढून घे, अशा आवाजात. पौर्णिमानं गडवा पलंगाखाली ठेवला आणि ती आत आली. आत येऊन ओट्याशी उभी राहिली. आपण काय करायला आलो होतो ते तिला आठवेना. मैत्रीनं काहीतरी मागितलं, ते तिनं दिलं. काय दिलं तेही नंतर आठवलं नाही.

ग्रुपातलं सगळं तिनं पुसून टाकलं. दोन्ही फोटो, त्याखालचं हसू, तिची ती ओळ. पुसायला एक बोट पुरलं. पुसून झाल्यावर तिला कळलं की आता ते फक्त दोन ठिकाणी उरलं आहे, तिच्या डोक्यात आणि त्यांच्या.

माफी मागायला ती रोज निघे. चहाचा कप घेऊन मागच्या दारापर्यंत जाई, आणि "साखर बरोबर आहे का जी?" असं काहीतरी विचारून परत येई. छपरीत कोणी आलं, बाकाची तारीफ केली, की तिला आत जावंसं वाटे. शेजारच्या रुख्मिणीबाई एकदा त्या बाकावरून हात फिरवत म्हणाल्या, "काय गुळगुळीत झालं वं. कोणं केलं?" "मामाजींनी," ती म्हणाली, आणि तिला वाटलं की हे तिनं कुठेच लिहिलं नव्हतं. नऊ दिवसांचं एक अक्षर नाही. त्यांच्याबद्दल लिहिली ती एवढी एकच ओळ.

वैशाखी पौर्णिमा आली. दर पौर्णिमेला घरी वंदना होई. आतल्या खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती, अगरबत्ती, पांढरी फुलं. भैयाजी पुढे म्हणत, बाकीचे मागून. कमलाबाई होत्या तेव्हापासूनची रीत. त्या दिवशी पौर्णिमा पांढरी साडी नेसून मागे बसली, मैत्री तिच्या मांडीवर, अनुप बाजूला. भैयाजींच्या पाठीवर पांढरा सदरा. तोच, इस्त्रीचा.

वंदनेत शेवटी क्षमेची ओळ येते. शरीरानं, वाचेनं, मनानं, गाफीलपणे माझ्या हातून जे काही वाईट घडलं असेल त्याची क्षमा असावी, अशा अर्थाची. पालीतली ती ओळ हिंगणघाटला माहेरी होती तेव्हापासून तिला तोंडपाठ होती. झोपेत म्हटली असती. भैयाजींनी ती म्हटली, अनुपनं मागून म्हटली, मैत्रीनं बोबडी म्हटली. पौर्णिमा 'वाचा' या शब्दापाशी आली आणि पुढे जाता येईना. ओठ हलले, आवाज नाही. भैयाजी एक श्वासभर थांबले. मग पुढचं म्हणून त्यांनी वंदना संपवली.

अनुप मैत्रीला घेऊन विहारात गेला, तिथे खीर वाटायची होती. घरात दोघंच उरले. अजून उजेड होता. भैयाजी मेणबत्तीचं ओघळलेलं मेण नखानं काढत बसले होते.

"अडली काऊन?" त्यांनी विचारलं.

"मामाजी, तो फोटो..."

"मालूम हाय. मधुकरनं सांगतलं." मधुकरराव त्यांचे गिरणीतले जोडीदार, दोन गल्ल्या सोडून राहणारे. "त्याच्या सुनेच्या मोबाईलवर आलता. लोकं हासले म्हणे." त्यांनी नख पुन्हा मेणाला लावलं. "पण मधुकर एकाचे दोन करून सांगते. तू वाच. जसं हाय तसं."

"मी पुसलं जी ते."

"पुसलं त पुसलं. तुले पाठ त असन."

पाठ होतं. पौर्णिमा भिंतीला टेकून बसली आणि फरशीकडे पाहत सांगू लागली. पहिलीनं काय लिहिलं. भंगारात दिले का, ते. दुसरीनं काय लिहिलं. एक्सचेंज ऑफर म्हणजे काय ते त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं. तिसरीचंही सांगितलं, बाकावर आजोबा फ्री.

इथे थांबता आलं असतं. ते काही पुढचं विचारत नव्हते. मेण खरवडत होते. पण त्यांना सगळं ठाऊकच आहे, आणि ती काय सांगते, काय गिळते, हेच ते पाहत आहेत, असं तिला वाटलं. आणि ठाऊक असलेल्या माणसासमोर आणखी एक खोटेपणा करायची तिच्यात ताकद नव्हती.

"मग मी लिहिलं," ती म्हणाली. "त्यांना कोणी घेईचना. असं मी लिहिलं."

भैयाजींचं नख थांबलं.

"आणि पुढे तीन हसरी तोंडं टाकली."

"हसरी तोंडं म्हंजे?"

"असतात जी मोबाईलमध्ये. हसून हसून रडायला आलेली."

"तीन."

"हो जी."

बाहेर विहाराच्या भोंग्यावर कोणीतरी माईक ठोकून पाहत होतं.

"हे मधुकरनं नाई सांगतलं," भैयाजी म्हणाले.

पौर्णिमानं मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर आत्ता, या क्षणी काहीतरी येऊन बसलं होतं, जे मघाशी नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की बनियनवरचा फोटो लोकांपुढे गेला आणि परक्या बायका हसल्या. तिची ओळ मधुकररावांनी गिळून टाकली होती. ती त्यांना आज, तिच्याच तोंडून कळत होती.

तिला रडू येत होतं. पण ती रडली असती तर त्यांना समजूत काढावी लागली असती. तेवढं तरी त्यांच्यावर टाकायचं नाही म्हणून तिनं दात दाबून धरले. "चुकलं" हा शब्द तिनं आठ दिवस तयार ठेवला होता. आता तो इतका लहान वाटला की काढायचीच लाज वाटली. तरी काढला. "माझं चुकलं जी, मामाजी."

मेणाचा तुकडा त्यांनी बोटांत फिरवून गोळी केली, ती बशीत ठेवली.

"इचारलं होतं का तुनं नत्थूले?" ते म्हणाले.

तिला कळलं नाही.

"कोणी घेत नाई म्हून लिवलं ना. इचारलं होतं, का मनानंच?"

यावर हसायचं असतं, हे तिला कळत होतं. त्यांनी ते तसंच पुढे केलं होतं. पण त्यांचा आवाज शेवटी बारीक झाला, आणि दोघांतलं कोणीही हसलं नाही.

"मनानंच," ती म्हणाली.

भैयाजींनी मान हलवली, एखादा हिशेब न पटता ऐकून घेतल्यासारखी. मग गुडघ्यावर हात देऊन उठले. दाराशी जाऊन थांबले, तिच्याकडे पाठ करून.

"म्हून मधुकर माह्याकडं पाहून नाई राह्यला आठ दिवसापासून," ते म्हणाले. "चौकात दिसला का तोंड फिरवते. मले वाटलं, माह्याच हातून काई झालं. पोटात ठेवून बसला बिचारा." थोड्या वेळानं म्हणाले, "उद्या सकायी त्याच्या घरी जाजो. सांगजो, भैयाजीले सारं मालूम हाय म्हून. लपवू लपवू मरन तो."

"मी जाऊ?"

"मंग कोण जाईन? लिवलं कोणं?"

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. ते विहाराकडे गेले, की नुसतेच फिरायला गेले, हे तिनं विचारलं नाही.

सकाळी तिनं मैत्रीला कडेवर घेतलं. एकटीनं जायला जमणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तीन वर्षांच्या पोरीच्या आड उभं राहायचं याचीही तिला लाज वाटली. मग तिनं मैत्रीला रुख्मिणीबाईंकडे ठेवलं आणि एकटी निघाली. दोन गल्ल्या म्हणजे काही लांब नाही. वाटेत तिघीजणी भेटल्या, तिघींनी "कुठं निघाली वं?" विचारलं, आणि तिघींना तिनं "आली हे इथूनच" असं काहीतरी सांगितलं.

मधुकरराव दारात खुर्ची टाकून पोहे खात होते. मांडीवर बशी. तिला पाहून त्यांनी बशी खाली ठेवली आणि तोंड पुसलं. त्यांची सून सुरभी नळावर पाण्याचा गुंड भरत होती. तीही पाहत राहिली, गुंड भरून पाणी वाहू लागलं तरी.

"बस न बाई," मधुकरराव म्हणाले. "घरी सारं बरं हाय ना?"

"काकाजी, मामाजींना मी सांगितलं," पौर्णिमा म्हणाली. उभ्यानंच. "त्यांनी पाठवलं मला. सगळं ठाऊक आहे म्हणून सांग म्हणाले."

"सारं?"

"मी काय लिहिलं ते पण."

मधुकररावांनी तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिला टाळता आली असती, टाळली नाही. भैयाजींच्या वयाचा माणूस, भैयाजींच्यासारखेच कापसाच्या धुळीनं आयुष्यभर लाल राहिलेले डोळे. त्यांत राग शोधायला ती आली होती. तो होताच, पण त्याच्या आधी दुसरंच काही दिसलं, ओझं खाली ठेवल्यावर माणूस क्षणभर डोलतो तसं.

"काय म्हनला तो?"

"म्हणाले, लपवू लपवू मरन तो."

"मी त मरतच होतो," मधुकरराव म्हणाले. "अवं, तीस वर्षं त्याच्या बाजूच्या मागावर होतो. काई लपवलं नाई कधी." आणि ते उठले. पोहे तसेच. चपला दाराच्या पलीकडे होत्या, त्या शोधायलाही थांबले नाहीत. अनवाणीच गल्लीत उतरले आणि जमिनीचे चटके वाचवत, लांब लांब टांगा टाकत तिच्या घराच्या दिशेनं निघाले.

पौर्णिमा त्यांच्या मागे निघणार तोच सुरभी नळ बंद करून जवळ आली. ती पौर्णिमाहून लहान, नुकतीच लग्न होऊन आलेली. पदरानं हात पुसत होती, पुसून झाले तरी पुसत होती.

"ताई, मीच दाखवलं होतं बाबांना," ती म्हणाली. "बाक पाहा म्हणून दाखवलं. मग त्यांनी खालचं वाचलं."

"हो."

"मी पण हसली होती." ती गल्लीकडे पाहत म्हणाली. "तुमच्या लिहिण्याला. हसरं तोंड टाकलं होतं मी."

"असू दे" म्हणायचा हक्क पौर्णिमाचा नव्हता. सुरभीनं चहा विचारला, ती हो म्हणाली, आणि ओट्यावर बसून तिनं तो चहा अगदी सावकाश प्यायला.

परत जायची वाट सरळ होती, दोन गल्ल्यांची. ती शाळेकडून गेली, लांबच्या वाटेनं. आपण पोचायच्या आत त्या दोघांचं काय बोलायचं ते बोलून व्हावं, आणि ते तिच्याबद्दल असेल तर तिला ऐकू येऊ नये, असं तिला वाटत होतं. मग वाटलं, ऐकू आलं तरी चालेल. ऊन चढत होतं. शाळेच्या कुंपणाशी ती थोडी थांबली, डोक्यावर पदर घेतला आणि चालू लागली.